वादळ बाजूने जातं, पाणी घरात येतं

२६ सप्टेंबर २०२४ च्या दुपारी फ्लोरिडातल्या टॅम्पा उपसागराच्या काठी राहणाऱ्या माणसाला हवामानाचा नकाशा बघून हायसं वाटायला जागा होती. ‘हेलीन’ या हरिकेनची रेषा त्याच्या घरापासून दीडशे-दोनशे किलोमीटर पश्चिमेला, मेक्सिकोच्या आखातातून उत्तरेकडे चालली होती. वादळ जमिनीवर येणार होतं ते कितीतरी वर, बिग बेंड नावाच्या विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर. तसंच झालं. रात्री अकराच्या सुमारास पेरी गावाजवळ ते ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वाऱ्यांसह जमिनीवर चढलं. टॅम्पाकडे सलग वारा हरिकेनच्या दर्जाला पोचलासुद्धा नाही. तरी त्याच रात्री पिनेलास काउंटीच्या किनारी वस्त्यांत समुद्र आधी गटारांच्या तोंडांतून, मग रस्त्यांवरून आणि शेवटी दारांच्या फटींतून घरांत शिरला. हजारो घरांत कंबरेएवढं पाणी झालं. त्या एका काउंटीत बाराएक माणसं गेली, बरीचशी आपल्याच घरात.

सेंट पीटर्सबर्गच्या भरतीमापकावर पाणी नेहमीच्या मोठ्या भरतीच्या रेषेवर सहा फुटांहून जास्त चढलं. त्या मापकाची नोंद १९४७ पासूनची आहे आणि आधीचा विक्रम चार फुटांच्या आसपासचा होता. तो १९८५ सालच्या ‘एलेना’चा. एलेनाही टॅम्पावर आलं नव्हतं. ते उत्तरेला सीडर कीसमोर समुद्रातच रेंगाळलं, तिथे एक वेटोळं घातलं आणि उलट फिरून पार मिसिसिपी राज्यात बिलॉक्सीजवळ जमिनीवर गेलं. म्हणजे एका मोठ्या शहराच्या नोंदवहीतले पाण्याचे हे दोन्ही विक्रम त्या शहराला न धडकलेल्या वादळांचे आहेत. किनाऱ्यावरच्या घराच्या धोक्याचा विचार ‘वादळ कुठे धडकणार’ या प्रश्नापासून सुरू करायची आपली सवय किती अपुरी आहे, हे यातून कळतं. ही सवय फ्लोरिडाची आहे तशीच कोकणाचीही आहे.

वादळात समुद्राची पातळी वाढते त्याला हवामानशास्त्रात ‘स्टॉर्म सर्ज’ म्हणतात. आपण वादळी फुगवटा म्हणू. ही उंच उठून फुटणारी लाट नसते. संपूर्ण समुद्रच तासातासाने वर येतो आणि काही तास वरच राहतो. त्याची दोन कारणं सांगितली जातात, पण दोघांचं वजन सारखं नाही. पहिलं कारण हवेचा दाब. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटीमीटर वर येतो. हेलीनच्या केंद्रात दाब ९४० हेक्टोपास्कलच्या आसपास, म्हणजे नेहमीपेक्षा सत्तर-पंचाहत्तरने कमी होता. त्यामुळे थेट केंद्राखाली पाणी पाऊण मीटरच्या आत-बाहेर चढलं असेल. केंद्रापासून दीडशे किलोमीटरवर हा आकडा काही सेंटीमीटरवर येतो. टॅम्पाचे सहा फूट दाबाने आलेले नाहीत.

ते वाऱ्याने आणले. वारा पाण्याच्या पृष्ठभागाला सतत एका दिशेला ओढत राहिला की पाणी त्या बाजूला साचतं, परात किंचित कलती धरल्यावर साचतं तसं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. आणि समुद्र जितका उथळ, तितकं साचणं जास्त. खोल समुद्रात वर ढकललेलं पाणी तळाकडून परत फिरतं. उथळ समुद्रात परतीची वाट अरुंद असते, म्हणून पाणी किनाऱ्यावर चढतं. आणखी एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे वादळाचा घेर. हेलीन पसरट होतं. त्याचे झंझावाती वारे केंद्रापासून जवळजवळ पाचशे किलोमीटरपर्यंत पोचत होते. एवढ्या मोठ्या पट्ट्यावर दिवसभर लागलेला मध्यम वारासुद्धा छोट्या, तिखट वादळापेक्षा जास्त पाणी ढकलतो.

आता दिशा. हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे आणि सर्वांत कमी समजावून सांगितलेला भागही हाच. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. वादळ ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड करून उभं राहिलं, तर उजव्या हाताला वारा वादळाच्या चालीबरोबर वाहतो आणि डाव्या हाताला तिच्या विरुद्ध. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यासमोरून वादळ उत्तरेकडे निघालं की किनारा त्याच्या उजव्या हाताला येतो. वादळ दक्षिणेला असेपर्यंत किनाऱ्यावर वारा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे असतो आणि पाणी फारसं चढत नाही. वादळ समोर आलं की वारा दक्षिणेचा होतो. ते पुढे सरकलं की वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून थेट किनाऱ्यावर लागतो. सर्वांत जास्त पाणी चढतं ते तेव्हा, केंद्र निघून जाताना आणि गेल्यानंतर. टॅम्पात रात्र वाढत गेली, वादळ दूर जाताना नकाशावर दिसू लागलं आणि पाणी मात्र वाढत राहिलं. ‘गेलं एकदाचं’ असं म्हणायची वेळ आणि पाणी उंबऱ्याशी येण्याची वेळ एकच ठरली.

याची उलटी बाजू दोन आठवड्यांच्या आत दिसली. ९ ऑक्टोबर २०२४ ला ‘मिल्टन’ नावाचं वादळ थेट टॅम्पाच्या रोखाने निघालं. आदल्या दिवसांत ते कमालीचं तीव्र झालं होतं. हेलीनने भिजवलेल्या गाद्या, कपाटं आणि भिंतींच्या जिप्सम तक्त्यांचे ढीग अजून रस्त्याकडेला पडून होते. लाखो लोक घरं सोडून गेले. मिल्टन शेवटी टॅम्पाच्या दक्षिणेला, सिएस्टा कीजवळ जमिनीवर आलं. हेलीनपेक्षा ते टॅम्पाच्या कितीतरी जवळ होतं. पण आता टॅम्पा वादळाच्या डाव्या हाताला पडलं होतं. वारा जमिनीवरून समुद्राकडे सुटला आणि उपसागराचं पाणी चढण्याऐवजी कित्येक फूट उतरलं. २०१७ च्या ‘अर्मा’त आणि २०२२ च्या ‘इयान’मध्येही तिथे तळ उघडा पडला होता. लोक जिथे एरवी होड्या चालतात तिथे चिखलात चालत गेले. (हे करू नये. वारा फिरला की ते पाणी परत येतं.) मिल्टनचा फुगवटा गेला दक्षिणेकडच्या किनाऱ्याला. टॅम्पा आणि सेंट पीटर्सबर्गला त्या रात्री झोडपलं ते पावसाने. सेंट पीटर्सबर्गमध्ये साडेचारशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. दूरच्या वादळाने समुद्र घरात आणला आणि जवळच्या वादळाने तो काढून नेला, हे एकाच शहराने तेरा दिवसांत पाहिलं.

या किनाऱ्याचं दुर्दैव त्याच्या तळातही आहे. फ्लोरिडाच्या पश्चिमेला समुद्राखालची जमीन फार सावकाश उतरते. शंभर किलोमीटर आत गेलं तरी खोली पन्नास मीटरच्या आसपासच असते. पूर्वेला मायामीसमोर काही किलोमीटरवरच तळ खोल जातो, त्यामुळे तिथे त्याच ताकदीचं वादळ लाटा मोठ्या आणतं, पण फुगवटा तुलनेने कमी. टेक्सास-लुइझियानासमोरचा समुद्रतळही असाच रुंद आणि उथळ आहे. सप्टेंबर २००८ मध्ये ‘आइक’ वादळ गॅल्व्हेस्टनला पोचायच्या जवळजवळ एक दिवस आधी, ते भर आखातात असताना, पाणी दोन मीटरच्या घरात चढलं. किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या वाऱ्याने पाण्याचा प्रवाह सुरू केला, पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो उजवीकडे वळला आणि उजवीकडे किनारा होता. आकाश अजून बरं दिसत असताना बोलिव्हर द्वीपकल्पावरचा बाहेर जायचा रस्ता पाण्याखाली गेला. ‘उद्या सकाळी निघू’ म्हणणाऱ्यांची सकाळ समुद्राने आदल्या दिवशीच काढून घेतली.

फुगवट्यापेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे लांबून येणाऱ्या लाटा. नॉर्थ कॅरोलायनाच्या आउटर बँक्स या वाळूच्या चिंचोळ्या बेटांवर ही जोखीम जास्त आहे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस ‘हंबर्टो’ आणि ‘इमेल्डा’ ही वादळं अटलांटिकमध्ये खूप दूर होती, किनाऱ्याला शिवलीही नाहीत. तरी बक्स्टन गावात खांबांवर उभी असलेली पाच घरं एका दुपारी समुद्रात कोसळली. तिथे पाणी उंच चढण्याची गरज नसते. लाटा खांबांखालची वाळू काढून नेतात. त्याच गावचं प्रसिद्ध केप हॅटरस दीपगृह १९९९ मध्ये रुळांवरून ढकलत जवळजवळ पाऊण-एक किलोमीटर आत नेलं होतं. दीपगृहाला मागे सरकायला सरकारी जमीन होती. घरांना नसते.

आता कोकण. आपल्या किनाऱ्याची रचना या बाबतीत फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याशी विलक्षण जुळते. समुद्र पश्चिमेला आणि अरबी समुद्रातली काही वादळं किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जातात. तळही उथळ आहे. मुंबईपासून एकशेसाठ किलोमीटरवरच्या बॉम्बे हायला पाणी जेमतेम पंचाहत्तर मीटर खोल, म्हणून तर तिथे तेलविहिरी उभ्या राहिल्या. हेलीन आणि मिल्टनची जोडी आपल्याकडे ‘तौक्ते’ आणि ‘निसर्ग’ यांच्या रूपाने येऊन गेली आहे. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या टापूत जमिनीवर आलं. वादळ ईशान्येकडे चाललं होतं, त्यामुळे मुंबई त्याच्या डाव्या हाताला पडली आणि तिथे वारा जमिनीवरून समुद्राकडे राहिला. उजव्या हाताला होतं श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हर्णै. मुंबईत त्या दिवशी ‘वादळाने हुलकावणी दिली’ असं म्हटलं गेलं. हुलकावणी दिली ती वाऱ्याच्या दिशेने. केंद्र शंभर किलोमीटर उत्तरेला सरकलं असतं तर हिशेब वेगळा झाला असता.

तौक्ते हेलीनसारखं बाजूने गेलं. १७ मे २०२१ ला ते मुंबईच्या पश्चिमेला दीडेकशे किलोमीटरवरून गेलं आणि रात्री गुजरातेत दीव-उना परिसरात जमिनीवर चढलं. देवगडच्या बंदरात नांगरलेल्या बोटी फुटल्या. तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडून सत्तरहून अधिक माणसं गेली. मुंबईत शंभरच्या वर वेगाचे झोत आले, गेटवेवर लाटा कठडा ओलांडून आल्या. शहर उजव्या हाताला होतं, वारा दक्षिणेचा होऊन मग नैर्ऋत्येकडे वळला, समुद्र उथळ होता. मग टॅम्पासारखं पाणी घराघरांत का शिरलं नाही? वादळाचा घेर, त्याची चाल, किनाऱ्याचे वळसे अशी बरीच कारणं देता येतील. पण एक कारण कोळीवाड्यातल्या कुणालाही पंचांगावरून सांगता आलं असतं. त्या दिवशी वैशाख शुद्ध पंचमी होती. अमावास्येचं उधाण ओसरून समुद्र भांगाकडे, म्हणजे लहान भरतीकडे, झुकला होता.

टॅम्पाला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम पाऊण-एक मीटरचा. तिथे फुगवटा कोणत्याही वेळी आला तरी घराचं नशीब फारसं बदलत नाही. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि ओहोटीला पाणी मीटरभरापर्यंत उतरतं. भांगाच्या दिवसांत हा फरक निम्म्याहून कमी होतो. त्यामुळे दीड मीटरचा फुगवटा ओहोटीला आला तर वरळीच्या कठड्यावरून तो कुणाला दिसणारही नाही. तोच पौर्णिमेच्या भरतीवर चढला तर सखल वस्त्यांमध्ये माणसाच्या छातीएवढं पाणी होईल. दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत हा फरक कमी होत निम्म्यावर येतो, म्हणजे सिंधुदुर्गाचं गणित मुंबईपेक्षा वेगळं आणि फ्लोरिडाच्या थोडं जवळचं आहे. कोकणच्या मच्छीमारांचा ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. निसर्गच्या दिवशी द्वादशी होती. बारा पाऊणे नऊ. भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास भरली आणि वादळ दुपारी जमिनीवर आलं तेव्हा पाणी उतरत होतं. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. हेच वादळ दोन दिवस उशिरा आणि दोन तास आधी आलं असतं तर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर छपरांच्या पत्र्यांपेक्षा पाण्याची चर्चा जास्त झाली असती.

तिथी उलट पडली की काय होतं ते ऑक्टोबर २०१९ च्या ‘क्यार’ने दाखवलं. ते रत्नागिरीपासून दोनशेच्या वर किलोमीटरवर होतं आणि त्याला कोकणात यायचंच नव्हतं. ते पुढे ओमानच्या दिशेने गेलं. पण धनत्रयोदशीचे, अमावास्येच्या उधाणाचे दिवस होते. मालवण तालुक्यातल्या देवबागला, जिथे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी अशी वाळूची चिंचोळी पट्टी आहे, तिथे पाणी अंगणांत आलं. दिवाळीच्या तोंडावर लोक घरातलं सामान वर उचलत होते. दीडशे किलोमीटरवरून गेलेल्या तौक्तेची आठवण वाऱ्याची आहे आणि त्याहून लांबून गेलेल्या क्यारची आठवण पाण्याची आहे. माझ्या मते कोकणापुरता हा सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे आणि आपल्या वादळविषयक बातम्यांमध्ये तो जवळजवळ कधीच येत नाही. अंतर, वेग आणि नाव छापलं जातं. तिथी छापली जात नाही.

इशारा देणाऱ्यांच्या बाजूने बोलायचं तर गेल्या पंधरा वर्षांत अमेरिकेत पुष्कळ बदल झाला. सॅफिर-सिम्पसन या पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीत पूर्वी प्रत्येक पायरीपुढे फुगवट्याची उंचीही लिहिलेली असे. ‘कॅटरिना’ २००५ मध्ये जमिनीवर आलं तेव्हा तिसऱ्या पायरीचं होतं, पण मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाणी सत्तावीस फुटांच्या वर गेलं. १९६९ च्या पाचव्या पायरीच्या ‘कमील’मध्ये घर वाचलं होतं म्हणून अनेकजण याही वेळी थांबले. त्यानंतर २००८ ला दुसऱ्या पायरीच्या आइकने पंधरा-वीस फूट पाणी आणलं. शेवटी २०१० पर्यंत ती मोजपट्टी फक्त वाऱ्यापुरती उरली. २०१७ पासून राष्ट्रीय हरिकेन केंद्र फुगवट्याचा स्वतंत्र इशारा देतं आणि नकाशावर पाणी ‘जमिनीवर किती फूट’ असं दाखवतं, समुद्रसपाटीपासून नव्हे. हेलीनच्या वेळी टॅम्पा उपसागरासाठी पाच ते आठ फुटांचा अंदाज आधीच दिलेला होता आणि सखल ‘ए’ पट्ट्याला घरं सोडायचे आदेश निघाले होते. अंदाज बरोबर आला.

तरी माणसं गेली, कारण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतो तो अंदाजाच्या नकाशावरचा शंकू. वादळाचं केंद्र तीनांतून दोन वेळा ज्या पट्ट्यात राहील, तेवढंच तो शंकू सांगतो. पाणी, पाऊस, वारा कुठवर पोचेल हे त्यात नसतं. पण शंकूबाहेर असणं म्हणजे सुरक्षित असणं, असं लोक मनाशी पक्कं करतात. इयानच्या वेळी शंकूचा मध्य बरेच दिवस टॅम्पाकडे होता. दक्षिणेचं फोर्ट मायर्स बीच कडेला होतं. तिथे घरं सोडण्याचा आदेश वादळाच्या आदल्या दिवशी निघाला. पाणी दहा ते पंधरा फूट चढलं आणि फ्लोरिडात फुगवट्यानेच चाळीसेक माणसं गेली. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेत अटलांटिक वादळांमुळे झालेल्या थेट मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे फुगवट्याचे होते. वाऱ्याचा वाटा त्याच्या आसपासही नव्हता. तिथले आपत्ती अधिकारी म्हणूनच लोकांना सांगतात, वाऱ्यापासून लपा, पाण्यापासून पळा.

दुसरं कारण आठवणीचं. टॅम्पावर मोठं वादळ थेट आलं ते १९२१ मध्ये. त्यानंतर शंभर वर्षं एकही नाही. शहर सुरक्षित आहे, तिथल्या मूळ रहिवाशांच्या दफनटेकड्या त्याला राखतात, अशी लोकसमजूतही तयार झाली. मुंबईची स्थिती वेगळी नाही. १८८२ च्या वादळात मुंबईत लाखभर माणसं मेल्याची कथा फिरते, तिला पुरावा मिळत नाही. पण खोट्या आठवणीमुळे खरा धोका खोटा ठरत नाही. अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’मध्ये मुंबईवर मोठं वादळ आलं तर काय होईल, हा प्रश्न हवामानशास्त्रज्ञ ॲडम सोबेल यांच्याशी बोलून मांडला, त्यानंतर निसर्ग आलं. शहराने तो प्रश्न अजून गंभीरपणे घेतलेला नाही, असं मला स्पष्टपणे वाटतं.

घरापाशी येऊ. सेंट पीटर्सबर्गच्या शोअर एकर्स वस्तीतली अनेक घरं गेल्या शतकाच्या मध्यात तळाची वाळू उपसून केलेल्या भरावावर बांधलेली, जमिनीलगतच्या काँक्रीटच्या लादीवर बसवलेली आहेत. २०२३ च्या ‘इडालिया’त ती भिजली, तेही वादळ बाजूनेच गेलं होतं. दुरुस्त होतात न होतात तोच हेलीन आलं. खाऱ्या पाण्याचं नुकसान पावसाच्या पाण्यासारखं नसतं. जिप्समच्या भिंती पाणी वर शोषतात, फूटभर पाण्याने चार फुटांपर्यंतची भिंत कापून काढावी लागते. वायरिंगच्या जोडांत मीठ बसतं आणि काही दिवसांनी आग लागते. हेलीननंतर खाऱ्या पाण्यात भिजलेल्या इलेक्ट्रिक गाड्या आणि बॅटऱ्या पेटल्या. घनमीटरभर समुद्राचं पाणी एक टनाहून जड. ते लाटेसकट भिंतीवर आलं तर जमिनीलगतचं घर उभं राहत नाही. म्हणून नव्या नियमांत घर खांबांवर उचलतात आणि खालच्या भिंती मुद्दाम कच्च्या ठेवतात, पाण्याने त्या मोडून वाट करून घ्यावी म्हणून. फोर्ट मायर्स बीचवर अशी उचललेली अनेक घरं राहिली आणि शेजारच्या जुन्या घरांची नुसती लादी उरली.

पण उचलायला पैसा लागतो. पूरपट्ट्यात दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त झाला तर घर नव्या उंचीवर न्यावंच लागतं, असा नियम आहे. धोका कमी करायला तो योग्य आहे. ज्या निवृत्त जोडप्याकडे घराशिवाय काही नाही, त्यांना मात्र तो घर विकायला लावतो. वर अमेरिकेत घराच्या साध्या विम्यात पूर धरत नाहीत. त्यासाठी १९६८ च्या सरकारी योजनेचा वेगळा विमा लागतो, तोही इमारतीला अडीच लाख डॉलरपर्यंतच, आणि घेतल्यावर बहुधा तीस दिवसांनी लागू होणारा. वादळ दिसू लागल्यावर तो घेऊन उपयोग नाही. कॅटरिनानंतर नुकसान वाऱ्याने झालं की पाण्याने, यावर वर्षानुवर्षं खटले चालले. आपल्याकडे एप्रिल २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत वादळ आणि पूर एकत्रच धरले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. किनाऱ्यावरच्या किती घरांकडे ती आहे, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या वाडीत विचारून बघावा.

कोकणातल्या घराचं नुकसान वेगळ्या तऱ्हेचं असतं. जांभ्याच्या चिऱ्याचं, उंच जोत्याचं जुनं घर दोन फूट पाण्याला दाद देत नाही. मार बसतो तो आसपास. विहीर मचूळ होते आणि वाडीचं पिण्याचं पाणी जातं. खारबंदिस्तीचा बांध फुटला की भातखाचरात मीठ उतरतं आणि पुढचे हंगाम वाया जातात. जाळी, इंजिनं, सुकवलेली मासळी जाते. या नुकसानीचा पंचनामा नीट होत नाही, कारण घर तर उभं दिसतं. नवी घरं मात्र त्या जुन्या शहाणपणाने बांधली जात नाहीत. पुळणीलगत, समुद्राचं दर्शन व्हावं म्हणून जमिनीलगत काच लावलेली रिसॉर्टं आणि सेकंड होम उभी राहतात. जुनी गावं पुळण, केवड्याची रांग आणि मग माडा-सुपारीच्या बागा ओलांडून आत वसलेली असत. जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामाला बंदी असलेला पट्टा भरतीरेषेपासून पन्नास मीटरवर आणला. स्थानिक मच्छीमाराला घर वाढवता यावं, ही मागणी रास्त होती. पण त्या सवलतीतून पुढे सरकतं ते बहुतेक दुसऱ्याच कुणाचं बांधकाम.

धूपप्रतिबंधक बंधारे जागोजागी घातले जातात. जिथे घालतात तिथे काही वर्षं आधार मिळतो आणि बंधारा संपतो तिथून धूप वाढते. कांदळवन लाटांचा जोर कमी करतं, हे पक्कं. पण तासन्‌तास वर राहणारा फुगवटा त्याने अडत नाही, फक्त मंदावतो, आणि त्यासाठीही ते किलोमीटरभर रुंद असावं लागतं, दहा मीटरची हिरवी किनार नव्हे. आज बांगलादेश असलेल्या भागाने १९७० च्या भोला वादळात तीन लाखांहून अधिक माणसं गमावली. त्यानंतर तिथे भर दिला तो उंच निवाऱ्यांवर आणि घरोघर जाऊन सांगणाऱ्या स्वयंसेवकांवर, आणि मृत्यूंचा आकडा कितीतरी पटींनी खाली आला. समुद्र वाढतोच आहे. सेंट पीटर्सबर्गच्या मापकाने सुरुवातीपासून वीस सेंटीमीटरहून जास्त वाढ नोंदवली आहे. म्हणजे आजोबांच्या काळात उंबऱ्याखाली थांबलेलं वादळ आज तेवढ्याच जोराने आलं तर आत येईल.

आपल्याकडे फुगवट्याचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही संस्था काढते आणि हवामान खात्याच्या चक्रीवादळ पत्रकात तो येतो. ‘खगोलीय भरतीच्या वर अमुक मीटर’ असं तिथे लिहिलेलं असतं. हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे आणि देवबागच्या घरात बसलेल्या बाईला त्याचा काही उपयोग नाही. तिला हवंय ते इतकंच: आज रात्री भरती किती वाजता, तिच्यावर वादळाचं किती, वारा त्या वेळी कुठून, आणि ते सगळं मिळून पाणी शाळेच्या पहिल्या पायरीला लागेल की तिसऱ्या. त्यासाठी नवं संशोधन लागत नाही. प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीने एकदा लेव्हल लावून शाळेच्या, देवळाच्या, जेट्टीच्या खांबावर भरतीरेषेपासूनची उंची रंगवून घ्यावी. मग तलाठ्याला पत्रक आलं की त्याने मीटरांऐवजी त्या खुणा सांगाव्यात. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या वर ओढायच्या, हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. तो बावटा वाऱ्याचा आहे. पाण्याचा बावटा अजून लागलेला नाही.